गाडी कुठे उभीय? (आमची वाटचाल)

रात्री दोनला फोन वाजला की बायको झोपेतच विचारते, "कुठे उभीय?" इतक्या वर्षांत तिला पण पाठ झालंय. काय बिघडलंय ते नंतर बघू, आधी गाडी कुठे उभीय ते कळायला पाहिजे, कारण आमच्या, म्हणजे रस्त्यात बंद पडलेले ट्रक जागेवर जाऊन दुरुस्त करायच्या धंद्यात अर्धं काम पाना हातात घ्यायच्या आधीच जमतं नाहीतर बोंबलतं. मुलगी बोलली पप्पा सगळे आपली वाटचाल लिहितात तुम्ही पण लिहा, म्हणून बसलोय. शुद्धलेखन समजून घ्या.

सुरुवात वडाळ्याला, ट्रक टर्मिनलजवळ एका उस्तादांकडे. दहावीत गणितात उडालो आणि तिकडे लागलो, पहिलं वर्ष नुसते नटबोल्ट डिझेलमध्ये धुवायचे आणि चहा आणायचा, मग हळूहळू लायनर, क्लच प्लेट, कमानीची पानं असं करत हात बसला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला तेव्हा मी तिथेच होतो. पाणी ओसरल्यावर जिकडे बघाल तिकडे ट्रक उभे, आणि ड्रायव्हर घाईने सेल्फ मारायचे. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की संपलं, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, सरळ कनेक्टिंग रॉड वाकतो. उस्ताद कमरेएवढ्या चिखलातून ओरडत फिरत होते, "सेल्फ मत मार!" आम्ही डिझेल फवारणारे नोझल काढून इंजिन हाताने फिरवायचो, भोकातून चॉकलेटी पाणी उडायचं. त्या आठवड्यात डोक्यात शिरलं की गॅरेजला येणाऱ्या गाड्यांपेक्षा गॅरेजपर्यंत पोचूच न शकणाऱ्या गाड्या जास्त आहेत.

दोन वर्षांनी भिशीचे पैसे आणि पतपेढीचं कर्ज मिळून एक जुना टेम्पो घेतला. मागे कॉम्प्रेसर, वेल्डिंग सेट, दोन बाटली जॅक, लाकडाचे ओंडके, बस. मी आणि माझा मेहुणा, एवढाच स्टाफ.

तेव्हा व्हॉट्सअॅपवर लोकेशन वगैरे काही नव्हतं. ड्रायव्हर यूपीचा, राजस्थानचा नाहीतर तमिळनाडूचा, त्याला गावाचं नाव माहीत नाही, तो सांगणार "बडा पहाड़ है, एक ढाबा है". मुंबई-अहमदाबाद रोडला ढाबा नाही अशी जागा सांगा मला! एकदा एकाने सांगितलं खंडाला के नीचे, आम्ही एक्सप्रेसवेने वर चढलो, तर हा पलीकडच्या बाजूला, मुंबईकडे येणाऱ्या लेनला. मध्ये डिव्हायडर, त्याला हात केला, त्याने पण हात केला, आणि आम्ही लोणावळ्यापर्यंत वर जाऊन वळून खाली आलो. त्यानंतर मेहुण्याने वही केली. किलोमीटरचा दगड, पंप, देऊळ, टॉवर, कुठल्या हाताला काय, मनोर, मेंढवण खिंड, चारोटी, इकडे पडघा, कसारा, तिकडे शिळफाटा, कळंबोली, सगळं पेन्सिलने. आणि प्रश्नांची यादी: तोंड कुठल्या शहराकडे, भरलेली का खाली, माल काय, ब्रेकच्या हवेचा काटा किती दाखवतो, धूर काळा का पांढरा. एवढं विचारलं तरी निम्म्या वेळा कुठला पार्ट सोबत घ्यायचा ते घरातूनच कळतं. काही वेळा तर जायची पण गरज नसते. डिझेल संपून एअर धरली असेल तर फोनवरच सांगतो, फिल्टरवरचा स्क्रू ढिला कर, हँडपंप मार, बुडबुडे थांबले की कस. त्याचे पैसे घेत नाही. मेहुणा यावरून अजून भांडतो माझ्याशी.

पुढे क्रेन घेतली, सेकंडहँड, आणि टोचन, म्हणजे बंद गाडी ओढून न्यायचं काम, पण सुरू केलं. पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. खोपोलीहून एक दहा चाकी आणायची होती कळंबोलीला, पाऊस होता, कंटाळा केला आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) न खोलता तशीच ओढत आणली. न्यूट्रलला होती की, काय होतंय! पण इंजिन बंद असेल तर गिअरबॉक्समधली खालची शाफ्ट फिरत नाही, ती फिरली तरच ऑइल वर उडतं, इकडे मागची चाकं फिरतायत म्हणून मेन शाफ्ट कोरडीच फिरत राहते. पोचेपर्यंत जळका वास सुटला होता. गिअरबॉक्सचा खर्च आम्ही भरला, चार महिन्यांची कमाई गेली. आता माझ्याकडे नवीन पोरगा आला की पहिला धडा हाच, शाफ्टचा जॉइंट खोल, मग हुक लाव.

दुसरा धडा ब्रेकचा. बोरघाटात जुलैच्या एका रात्री कंटेनर उभा, पुण्याहून न्हावाशेव्याला चाललेला, मागच्या ब्रेक चेंबरचा डायाफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला. मागच्या चेंबरमध्ये जाड स्प्रिंग असते, हवा आहे तोवर ती दबून राहते, हवा गेली की सुटते आणि चाकं जाम. ड्रायव्हरला वाटतं ब्रेक फेल झाला, खरं तर ब्रेक लागलेला असतो. आम्ही पोचलो तर मागे त्याने झाडाची फांदी टाकलेली आणि चार दगड, बस, तेवढ्यावर चाळीस टनाची गाडी उतारावर आणि मागून बसेस सुसाट येतायत. आधी मेहुणा दीडशे पावलं मागे जाऊन त्रिकोण आणि पिवळा लाइट लावून आला, मी चाकांना ओंडके लावले, मग चेंबरच्या मागचा बोल्ट कसून स्प्रिंग दाबली. इथे क्रम चुकला तर माणूस जातो, स्प्रिंग दाबली की चाक मोकळं, म्हणजे ओंडका नसेल तर गाडी तुमच्यावरच. आणि चेंबरचा क्लॅम्प रस्त्यावर कधीच खोलायचा नाही, ती स्प्रिंग गोळीसारखी सुटते. निघताना दगड आणि फांदी मी स्वतः उचलून बाजूला टाकली. त्या ठेवलेल्या दगडांनी किती बाईकवाले पडतात ते या रस्त्यावर रोज फिरणाऱ्याला विचारा.

२०१८ च्या जुलैत सरकारने वजनाची मर्यादा वाढवली, दहा चाकीचं २५ वरून २८.५ टन, पाच एक्सलवाल्याचं ३७ वरून ४३.५. ट्रान्सपोर्टवाले खूश, आमची जुनी क्रेन मात्र कण्हायला लागली. मोठी घ्यावी लागली, तिचा हप्ता अजून चालूय.

मग लॉकडाऊन. मार्च २०२० ला सगळं ठप्प, ढाबे बंद, गॅरेज बंद, माल भरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला. आम्ही घरून डबे करून न्यायचो, दुरुस्ती राहिली बाजूला, ड्रायव्हर आधी विचारायचे खायला काय आणलंय. २० एप्रिलपासून हायवेवरच्या ट्रक दुरुस्तीला आणि ढाब्यांना परवानगी मिळाली तेव्हा जीवात जीव आला.

त्याच एप्रिलपासून बीएस-सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाड्या आल्या आणि माझं अर्धं ज्ञान जुनं झालं. आता गाडी बंद पडत नाही, ती रुसते! धूर साफ करायला यात युरियाचं पाणी लागतं, त्या टाकीत कोणीतरी स्वस्तातलं भेसळीचं पाणी टाकलेलं असतं, सेन्सर पकडतो, इंजिन ताकद कमी करतं आणि घाटात गाडी बैलगाडीसारखी चढते. युरियाच्या नोझलवर पांढरे खडे जमतात, ते कोमट पाण्याने विरघळतात, पण आधी स्कॅनर लावून एरर बघावी लागते. स्कॅनर माझी मुलगी चालवते, डिप्लोमा मेकॅनिकल, ड्रायव्हर आधी तिच्याकडे बघून "उस्ताद कहाँ है" विचारायचे, आता तिलाच फोन लावतात.

पैशाचं पण सांगतो, कारण ते कोणी लिहित नाही. एकटा मालक-ड्रायव्हर लगेच देतो, पूर्वी रोख, आता यूपीआय. मोठ्या कंपन्या मात्र साठ दिवस बोलतात आणि नव्वदला देतात. एका मोठ्या फ्लीटने आमची अकरा बिलं अडकवली, दर वेळी वेगळा मॅनेजर, दर वेळी "पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर काय", अहो रात्री तीनला कसाऱ्याला पीओ कोण देणार? शेवटी निम्म्यावर तोडलं. आता नवीन पार्टीकडून अॅडव्हान्स घेतो, वाईट वाटलं तरी.

आणि एक गोष्ट ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी. गाडी बंद पडली की ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल, बघा. २०२१ पासून त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरतात, गाडी दोन दिवस उभी राहिली तर मुदत संपते. संपायच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत वाढवता येतं, आणि माल दुसऱ्या गाडीत भरला तर बिलाच्या पार्ट-बी मध्ये, जिथे गाडीचा नंबर असतो, तिथे नवा नंबर टाकायचा. हे न केल्यामुळे दुरुस्त झालेली गाडी पुढच्या नाक्यावर परत अडकलेली मी बघितलीय.

आता पाच माणसं, दोन क्रेन, दोन पिकअप. जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून वडाळ्याहून शिवडीमार्गे न्हावाशेवाच्या बाजूला पिकअप पटकन निघते, टोल झोंबतो पण वाशी पुलावरचा तास वाचतो. लोकेशन सगळे पाठवतात. तरी मेहुण्याची वही डॅशबोर्डवर असतेच, तिसरी चालूय, कव्हर गेलंय. मागच्या पावसात कसाऱ्यात ड्रायव्हरच्या फोनला नेट नव्हतं, आवाज तुटत होता, दोनच शब्द आले, "बंद ढाबा, बाएँ". मुलगी लोकेशन येईल म्हणून स्क्रीनकडे बघत बसली होती, मेहुण्याने पान उलटलं, बोट ठेवलं आणि चावी उचलली.