अंगाच्या सवडीने

संधिवात असलेल्या बाईची सकाळ इतरांपेक्षा तासभर उशिरा उजाडते. जाग नेहमीच्याच वेळी येते, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, दूधवाल्याची हाकही येते. पण रात्री मिटलेली बोटे काही केल्या उघडत नाहीत. ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि सकाळचा हा ताठरपणा अर्धा तास, तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटी-तिपटीने अधिक होतो, त्यामुळे ज्या घरात शिरतो तिथे तो बहुधा थेट स्वयंपाकघरातच जाऊन बसतो.

पंचाईत अशी की, आपल्याकडे बाईच्या कर्तेपणाची सगळी परीक्षा सकाळीच होते. सडा, पाणी, डबे, भाकरी हे सारे आटोपून जी दहाच्या आत मोकळी, ती कामाची. हे वेळापत्रक मुळात शेतकऱ्याच्या घरचे आहे. ऊन तापायच्या आत न्याहारी बांधून माणसे रानात पोहोचायला हवीत, म्हणून ते ठरले. आमच्यासारखी कितीतरी घरे लातुरात येऊन राहिली, रान मागे राहिले, वेळापत्रक मात्र आम्ही बरोबर घेऊन आलो. दुखणाईत बाई दिवसभर त्याचीच देणेकरी असल्यासारखी वावरते. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे देणे आपल्या नावावर नाही. ज्या तासांत अंगात बळ असते, ते तास स्वयंपाकाचे.

भाकरीचेच घ्या. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे ते बांधून येते ते कढत पाण्याने आणि तळहाताच्या जोराने. पाणी जितके कढत, तितका जोर कमी लागतो. म्हणून मी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढते, झाकून ठेवते आणि हाताला सोसेल इतकी निवाल्यावर परातीत घेते. त्या उबेने बोटेही जरा सैल होतात, हा वरचा नफा. मळताना बोटे न वापरता तळव्याची टाच वापरायची आणि भार मनगटावर न देता खांद्यातून द्यायचा, म्हणजे लहान सांध्यांचे काम मोठे सांधे उचलतात. परात ओट्यावर नको, जेवणाच्या टेबलावर हवी आणि आपण खुर्चीत बसलेले असावे. भाकरी थापायची तीही तळहाताहून थोडीच मोठी. आत्याबाईंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा, “ही काय लेकरांच्या खेळातली भाकर करायलीस का गं?” असे विचारले आणि ठेच्याबरोबर तीन खाल्ल्या.

पाण्याचे दुखणे याहून मोठे. लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या उन्हाळ्यात टँकरपासून घरापर्यंत घागरी वाहून गल्लीतल्या धडधाकट बायकांचीही मनगटे भरून आली होती, आणि दुखणे सगळ्यांचेच असल्यामुळे मधे टेकलेल्या बाईला कुणी आळशी म्हटले नाही. एरवी तसे होत नाही. बोटे वाकडी होईपर्यंत हा आजार चारचौघांना दिसत नाही, आणि तोवर “चांगली तर दिसतेस की” हे ऐकावे लागते. त्यावर उत्तर देण्यात शक्ती घालवू नये. अर्धीच भरलेली लहान बादली दोन्ही हातांनी उचलावी आणि दोन खेपा जास्त कराव्यात. पिशवी बोटांत न धरता कोपराच्या वर अडकवावी.

आठवड्याचीही आखणी लागते. या आजारात बहुतेकींना मेथोट्रेक्सेट मिळते, आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. हे घरातल्या दुसऱ्या कुणालातरी ठाऊक असू द्यावे. तिच्या दुसऱ्या दिवशी अनेकींना मळमळते, गळून गेल्यासारखे होते. आमच्या घरात तो दिवस खिचडीचा, आणि त्याबद्दल आता कुणी कुरकुर करत नाही. (गोळी सोडून अमुक तेल चोळा, असे सांगणारे भेटतातच. तेल जरूर चोळावे, गोळी सोडू नये.)

खरी कसोटी महालक्ष्म्यांची. तीन दिवसांचा सण, पुरणावरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या आणि दारात येणारी-जाणारी माणसे. सोळा भाज्या एकाच पातेल्यात शिजतात, ही आपल्या पूर्वजांची कृपाच. पुरणयंत्राची मूठ मात्र माझ्याने फिरत नाही. ती आमच्याकडे घरातले पुरुष फिरवतात, जरा जास्तच गाजावाजा करून. पुरणात वेलदोडा किती, कटाची आमटी केव्हा उतरवायची आणि कोणती सवाष्ण कधी जेवायला बसवायची, हे खुर्चीत बसून मी सांगते. घर चालवणे म्हणतात ते बरेचसे हेच असते.

माझे हात अकरा ते दोनच्या सुमारास सर्वांत बरे चालतात, तेव्हा रात्रीच्या भाकरीही मी त्याच वेळी करून ठेवते. उरल्याच, तर सकाळी कांदा, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीची फोडणी देऊन त्यांचा कुस्करा होतो. तो परतायला लांब दांड्याचा उलथणा आणि घरातला जागा असलेला कोणताही माणूस पुरतो.