दोन जलाशयांमधल्या रानात एक दिवस

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण दाजीपूरच्या जंगलात दिवसभराच्या पायी भ्रमंतीसाठी जाणार आहोत, आणि या वेळी त्या दिवसाची आखणी मी संध्याकाळपासून मागे मोजत केली आहे. त्या दिवसांत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पण दाट झाडीच्या दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येते. म्हणून साडेचार वाजता आम्ही जंगलाबाहेर गाडीपाशी असलो पाहिजे, त्यासाठी दीड वाजता परतीची वाट धरली पाहिजे, आणि दीडपर्यंत जेवढे चालून होईल तेवढेच आमचे चालणे. ठरवलेले ठिकाण त्याआधी आले नाही, तरी तिथूनच मागे फिरायचे.

हा हिशेब मी दोन वर्षांपूर्वीच्या चुकीतून शिकले. तेव्हा प्रत्येकाजवळ पाण्याची एकेक लिटरची बाटली होती, आणि रानाच्या दोन्ही अंगांना एवढी मोठी धरणे असताना पाण्याची काय चिंता, असे मीच सगळ्यांना सांगितले होते. हे रान भोगावती आणि दूधगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेले आहे. एकीकडे राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचा लक्ष्मी तलाव, तर दुसरीकडे काळम्मावाडीचा जलाशय, जिथून थेट पाइपलाइनने कोल्हापूर शहराला पाणी येते. दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही एका सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळी पठाराच्या, कडेला उभे होतो, खाली निळेशार पाणी पसरलेले दिसत होते आणि आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. तिथून पाण्यापर्यंत उतरायला धड वाट नव्हती. आणि उतरलो असतो, तरी काठावरचा चिखल तुडवून, जनावरे ज्या पाण्यावर येतात तेच गढूळ पाणी प्यावे लागले असते. जांभा दगड तापला होता, सड्यावर सावलीचे नाव नव्हते, आणि माझ्या मैत्रिणीच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले होते. ती आमच्या आधाराने उतरली खरी, पण गाडीपाशी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

त्यामुळे या खेपेला माणशी साडेतीन लिटर पाणी घेतले आहे. एवढे वजन पाठीवर घेऊन चढाला वेग कमी होतो, हे धरूनच मी वेळ मांडला आहे: मोकळ्या सड्यावर तासाला चार किलोमीटर, झाडीतल्या चढावर दोन. माझा तेरा वर्षांचा भाचा बरोबर आहे, त्याचे पाणी आम्ही चौघे वाटून घेऊ. बरोबर जवारीच्या भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि मिठाची पुडी. घामावाटे मीठ निघून जाते आणि नुसत्या पाण्याने त्याची भरपाई होत नाही, हे मैत्रिणीच्या त्या पोटऱ्यांनी शिकवले.

जंगलात शिरण्यासाठी वन विभागाची परवानगी आणि सोबत स्थानिक वाटाड्या असल्याशिवाय आम्ही एक पाऊलही टाकणार नाही. हे रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले, १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य झाले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले. पण चालणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की तो गव्यांचा मुलूख आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साडेपाच-सहा फूट उंच असतो, आणि एवढे धूड कारवीच्या जाळीत पाच पावलांवर उभे असले तरी आपल्याला दिसत नाही.

मागच्या खेपेला एका ओहोळाच्या ओल्या मातीत मी त्याच्या खुराचा ठसा पाहिला. माझ्या पंजाएवढा, दोन फाकांचा, कडा अजून ढासळलेल्या नाहीत, आणि तळाशी पाणी नुकते झिरपू लागलेले. वाटाडे काका वाकले, त्यांनी कडेवरून बोट फिरवले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आत्ताच गेलंय ताई. जरा दम खाऊया." आम्ही पंधरा मिनिटे जांभळीच्या बुंध्याला टेकून उभे राहिलो. खालच्या उतारावर काटक्या मोडल्याचा आवाज आला, पानांमधून गुडघ्याखालचे पांढरे पाय क्षणभर दिसले आणि नाहीसे झाले. ती पंधरा मिनिटे आमच्या वेळापत्रकात नव्हती. या वेळी अशा थांबण्यासाठी मी पूर्ण तास मोकळा ठेवला आहे, कारण जंगल खरे तेव्हाच दिसते, आणि घाईत असलेला माणूस वाटाड्याचे ऐकत नाही.

कोल्हापुरातून निघण्याची वेळ पहाटे साडेचारची. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपासचे असले, तरी हे ऊसतोडणीचे दिवस आहेत. पुईखडीपासून भोगावतीपर्यंत उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि कित्येकांच्या मागे साधा लाल दिवाही नसतो. अंधारात तो पट्टा सावकाशच पार करायचा. जंगलात मोबाइलला रेंज मिळेल हे मी धरलेलेच नाही, म्हणून आमची वाट आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून बहिणीजवळ ठेवली आहे. आठ वाजेपर्यंत आमचा फोन आला नाही, तर तिने कोणाला कळवायचे, तो नंबरही त्याच कागदावर आहे.

काल संध्याकाळी भाच्याने विचारले, "मावशी, दीड वाजता गवा समोर असला तर?" तेव्हा काय करायचे ते वाटाडे काका सांगतील, असे मी त्याला सांगितले. आज त्याला घेऊन रंकाळ्याभोवती भरल्या पिशवीनिशी दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत त्याच्या डाव्या बुटाने टाच सोलली, तेव्हा उद्या दुसरे बूट पाहायचे आहेत.