तो सव्वा मिनिट

मागच्या गणपतीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कराओके होतं. बी विंगमधल्या काकांनी जुनं भावगीत घेतलं, पहिलं कडवं बरं झालं, आणि दुसऱ्याच्या तोंडाशी ब्लूटूथ तुटलं. ट्रॅक गप. काका गप. बरं, माणसाने हसून खाली उतरावं की नाही, तर नाही, एका हातात माईक, दुसऱ्या हातात शब्दांची चिठ्ठी आणि चेहरा असा की पुढची ओळ आत्ता येतेय. मागे कुणीतरी शिऱ्याचे द्रोण वाटायला घेतले. मी शूटिंग करत होतो आणि स्वतःच्या चपलांकडे बघत होतो, दोन्ही एकाच वेळी.

हे जे पोटात होतं ना त्याला हल्ली सगळे क्रिंज म्हणतात, पण आपला 'कसंनुसं' हा शब्द जास्त भारी आहे. आणि मला या कसंनुसं होण्याचं व्यसन आहे.

सुरुवात 'द ऑफिस' या सिरियलपासून झाली. रिकी जर्व्हेसचं मूळ ब्रिटिश 2001 चं, पण मी आधी स्टीव्ह करेलचं अमेरिकन पाहिलं, 2005 ते 2013 वालं. त्यात मागे हसण्याचा ट्रॅक नाही हीच खरी गोम आहे. बाकी सिरियलींमध्ये ते हशे आपल्याला सोडवतात, की बाबा हा जोक होता, झाला, पुढे चला. इथे कुणी सोडवतच नाही. 'स्कॉट्स टॉट्स' म्हणून एक एपिसोड आहे, त्यात मायकेल स्कॉटने, म्हणजे करेलच्या बॉसने, दहा वर्षांपूर्वी तिसरीच्या पोरांना तुमच्या कॉलेजची फी मी भरीन असं कबूल केलेलं असतं, आता पोरं मोठी झालीत, त्याच्यासाठी गाणं-नाच बसवलाय, आणि याच्याकडे पैसे नाहीत म्हणून हा लॅपटॉपच्या बॅटऱ्या देतो. लॅपटॉप नाही, बॅटऱ्या! मला तो बघायला तीन दिवस लागले. मधे मधे पॉज करून दूध उतू गेलं का बघायला उठायचो, दूध तापतच ठेवलेलं नसायचं.

मग नेथन फील्डर नावाचा कॉमेडियन सापडला आणि करेल एकदम मवाळ वाटायला लागला. त्याच्या 'द रिहर्सल' (2022) या शोमध्ये एका माणसाला मैत्रिणीला फक्त एवढंच सांगायचंय की माझं मास्टर्स झालंय हे मी खोटं बोललो होतो, तर हा त्याच्या सरावासाठी अख्खा बार जसाच्या तसा सेटवर उभा करतो. आणि हे सगळं बँकेत केवायसी करायला आल्यासारख्या चेहऱ्याने. समोरचा बोलून थांबला की हा काहीच बोलत नाही, दोन सेकंद, चार सेकंद, शेवटी समोरचाच घाबरून काहीतरी भलतं बोलून बसतो. सगळा विनोद त्या चार सेकंदात.

आपल्याकडे या चार सेकंदांची फार भीती आहे. जरा शांतता झाली की लगेच 'टुईंग' वाजवतात, नाहीतर कॅमेरा खिदळणाऱ्या पाहुण्यांवर. पण आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारीचा यूट्यूबवरचा मुलाखतींचा शो 'कास्टिंग काउच' आठवा, पुण्याच्या एकांकिकांमधून आलेली ही दोन पोरं समोर बसलेल्या स्टारला असले काही प्रश्न विचारायची की उत्तरापेक्षा त्या पाहुण्याचा चेहराच बघत बसावं. आणि त्याच्या कितीतरी आधी दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव होताच की, सोबत बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. चि. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती इतकी मनापासून सांगतो, की आपण विनोदी आहोत हे त्याच्या गावीही नसतं. डोळा मारला की संपलं सगळं. (बाबांच्या मते मी जे बघतो त्यात जोकच नसतात. एका अर्थी बरोबर आहे.)

तर काका. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये भेटले, म्हणाले, "रेकॉर्डिंग केलंयस ना रे? पाठव, मुलीला दाखवायचंय." आता त्यात सव्वा मिनिट नुसते काका आणि शिरा. एडिट करू का विचारणार होतो, पण ते तरी कुठल्या तोंडाने विचारायचं, दिलं पाठवून तसंच.

संध्याकाळी रिप्लाय आला : "छान आलंय. मधे जरा तुझ्या मोबाईलचा आवाज गेलाय वाटतं."