'इनोला गे' आणि सव्वाआठची वेळ

ओएमडी, म्हणजे 'ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क' या इंग्लिश बँडचं १९८० सालचं 'इनोला गे' हे गाणं मी बरीच वर्षं केवळ चालीसाठी ऐकत होते. सिंथेसायझरची ती सुरावट सुरू झाली की पाय आपोआप ताल धरतात. शब्द वरवर ऐकले तर कुणीतरी प्रेयसीपाशी हळहळतंय असंच वाटतं, की काल घरीच थांबली असतीस तर बरं झालं असतं.

ही इनोला कोण, हे शोधलं आणि हिरोशिमा समोर आलं. ६ ऑगस्ट १९४५ला तिथे अणुबॉम्ब टाकणाऱ्या बी-२९ विमानाचं हे नाव. वैमानिक पॉल टिबेट्स यांनी ते आपल्या आईवरून ठेवलं होतं.

मग मी गाण्याचे शब्द वहीत उतरवले, शेजारी त्या सकाळचा घटनाक्रम लिहिला आणि एकेक ओळ लावत गेले. आईला आज 'लिटल बॉय'चं कौतुक वाटतंय का, असं गाणं विचारतं. लिटल बॉय हे त्या बॉम्बचं नाव. आईच्या नावाच्या विमानाच्या पोटातून तो बाहेर पडला! हे कळल्यापासून ती ओळ माझ्याच्याने गुणगुणवत नाही. सगळं ठीक आहे, परत येतोय, हा रेडिओवरचा निरोपही विमानाचाच. गाण्यातलं कधीच न पुसलं जाणारं चुंबन कुणी किरणोत्सर्गाशी जोडतात. मला मात्र तिथे स्फोटाच्या उष्णतेने हिरोशिमातल्या बँकेच्या दगडी पायऱ्यांवर उमटलेली माणसाची सावली दिसते.

सर्वांत जास्त वेळ मी सव्वाआठपाशी थांबले. गाण्यात घड्याळात सव्वाआठ वाजलेत आणि कायम तेवढेच वाजलेले असतात. बॉम्ब पडला तो सकाळी ८:१५ला. त्याच वेळेवर बंद पडलेलं घड्याळ हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात आहे. खाली मेलेल्या माणसांबद्दल गाणं उघडपणे काहीच बोलत नाही, ती या वेळेत आहेत.

हे समजल्यावर चालही वेगळी ऐकू येऊ लागली. गाण्याला शब्दांचं ध्रुवपद नाही. शब्द थांबतात तिथे सिंथेसायझर पुढे येतो, आणि खाली तेच चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, शेवटपर्यंत फिरत राहतात. गीतकार अँडी मॅकक्लस्की यांना दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं मोठं आकर्षण. म्हणूनच असेल, त्यांनी जाब वैमानिकाला विचारला नाही, थेट विमानालाच विचारला.