मुद्देमाल: एक जाकीट, एक कांबळ

गोव्यात थंडी म्हटलं की लोक हसतात. माझा पणजीचा मेव्हणा विचारतो, तुम्हां फॉरेस्टवाल्यांना स्वेटर कशाला लागतो, फ्रिजमध्ये ड्युटी असते काय? त्याला ऑगस्टमध्ये चोर्ला घाटाच्या माथ्यावर न्यायची माझी तयारी आहे. रात्री दोननंतर, वारा सुटलेला असताना, आणि अट एकच, जागचं हलायचं नाही. चालणाऱ्याला तिथं थंडी वाजत नाही, दबा धरून बसणाऱ्याला वाजते. उंची जेमतेम ८०० मीटर. तापमापक विसाच्या खाली सहसा जात नाही. पण पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगानं उष्णता ओढून नेतं, त्यामुळे भिजलेल्या माणसाला वीस अंशही पुरेसे असतात.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वनरक्षक आहे. बाहेरच्यांना वाटतं पावसाळा म्हणजे आम्हांला सुट्टी. उलट आहे. जूनच्या पहिल्या पावसाला बेडूकवाले निघतात. हॉटेलात बेडकाचं ‘जंपिंग चिकन’ होतं. हे लोक पकडायला सोपे, कारण हातात टॉर्च असतो आणि पाठीवरचं पोतं ओरडत असतं. पाऊस मुरला की बंदूकवाले येतात. कोसळत्या पावसात बाराचा आवाज चार शेतांपलीकडे पोचत नाही, वाटेवर कुत्रं नसतं, आणि रानडुकरं भेकरं काजूच्या बागांपर्यंत उतरलेली असतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकणं हाच वेगळा गुन्हा आहे, हे मात्र बंदुकीचा परवाना असलेल्यांनाही सांगावं लागतं. शेतीच्या राखणीचा परवाना खिशात आहे म्हणजे सगळं रान आपलं, अशी पुष्कळांची समजूत.

तर कपडे. या विषयावर मी तासभर बोलू शकतो आणि घरचे उठून जातात.

आम्हांला मिळणारा रेनकोट ज्या पुरवठादारानं दिला, त्यानं तो एकदा अंगात घालून दहा मिनिटं चढ चढायला हवा होता. घोट्यापर्यंत लांब, आतून रबरी, आणि पाऊल टाकलं की असा वाजतो की भेकर सोडा, शेजारच्या बीटवरचा, म्हणजे गस्तीच्या हद्दीतला, माणूस जागा होईल. चढाच्या शेवटी आतला माणूस घामानं चिंब. म्हणजे बाहेरून भिजला नाही, आतून भिजला, थंडीला दोन्ही सारखेच. खाकी सुती शर्ट त्याच्या वरताण. सुती कापड एकदा भिजलं की अंगाला चिकटतं आणि सकाळपर्यंत वाळत नाही.

मी अंगालगत फुटबॉलची जर्सी घालतो. गावोगावच्या स्पर्धांत वाटतात ती, पॉलिस्टरची, पिळली की निम्मी कोरडी. चढताना तेवढीच, वर काही नाही, पाऊस खुशाल लागू दे. बसायच्या जागी पोचलो की जर्सी पिळायची आणि वर आईनं विणलेला बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. लोकर भिजली तरी ऊब धरते. त्यावर वाऱ्यापुरता आखूड पोंचो. चालताना कमी, बसल्यावर जास्त, हे नव्या पोरांना पटवायला मला फार त्रास होतो. ती खालूनच सगळं चढवून निघतात. पायात गमबूट नकोच. ओढा ओलांडला की आत तळं होतं, आणि शेवाळलेल्या जांभ्यावर तो तळवा टिकत नाही. रबरी खुट्ट्यांचे कॅनव्हासचे बूट बरे. पाणी आत येणारच, ते बाहेर जायला वाट पाहिजे. मोजे तंबाखूच्या पाण्यात बुडवून वाळवलेले, जळवांसाठी. पिशवीत दुहेरी प्लास्टिकमध्ये कपड्यांचा एक कोरडा जोड, जो जीव जायची वेळ येईपर्यंत उघडायचा नाही. आणि पंचनाम्याचे कागद झिपच्या पाकिटात, सोबत साधं बॉलपेन. जेलपेननं लिहिलेला एक पंचनामा माझ्या डोळ्यांदेखत निळं पाणी होऊन वाहून गेलेला आहे. तो माझा नव्हता, पण तेव्हापासून मी साहेबांनाही जेलपेन देत नाही.

त्या रात्री आम्ही तिघं होतो. मी, एक नवा गार्ड, आणि आमचे वॉचर काका, ज्यांना या डोंगराचा दगड न् दगड ठाऊक आहे आणि ज्यांना खात्यात कुणी कधी काही विचारत नाही. खबर पक्की होती. पाण्याच्या वाटेवर, करवंदाच्या जाळीमागे बसलो. पाऊस एकसारखा पडत होता. मग पहाटेच्या सुमारास तो पाच मिनिटं थांबला आणि समोरच्या उतारावरून आवाज आला. खस्स. थोड्या वेळानं परत खस्स. पानांचा नव्हे, कापडाचा. काकांनी माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं.

अर्धा तास आम्ही सरपटलो असू. टॉर्च मारल्यावर एक जण उठला आणि खाली ओढ्याच्या दिशेनं गायब झाला. अनवाणी होता, एवढंच दिसलं. दुसरा उठलाच नाही. झाडाला टेकून बसलेला, मांडीवर एकनळी बंदूक, नळीच्या तोंडावर लाल फुगा ताणून बसवलेला. पाणी आत जाऊ नये म्हणून. ही युक्ती जुनी आणि चांगली, बार फुग्यातूनच जातो. मी बंदूक उचलली तरी त्यानं हात हलवला नाही. आमच्याकडे बघून म्हणाला, “म्हजी थंडी गेली, सायबा.”

नव्या गार्डला वाटलं दारू बोलतेय. फेणीचा वास येतही होता. पण ओठ काळेनिळे, जीभ जड, आणि अंगाला थरथर अजिबात नाही. कुडकुडणारा माणूस अजून ठीक असतो. इतकं भिजून ज्याचं कुडकुडणं थांबलं, त्याचं शरीर हरायला लागलेलं असतं. फेणीनं क्षणभर गरम वाटतं, पण कातडीकडे रक्त धावतं आणि होती ती ऊबही बाहेर जाते.

जाकिटाची चेन त्याला उघडता येईना, बोटं वळत नव्हती. मी उघडली. तिथं मला पहिल्यांदा ते जाकीट नीट दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, हेवा वाटला. परदेशी शिकारी घालतात तसलं. पानापानांची नक्षी, शिवणी आतून टेप लावून बंद, काखेत हवेसाठी चेनी, गळ्यापाशी मऊ पट्टी. आतल्या लेबलावर दहा हजार मिलिमीटरचा आकडा, म्हणजे तेवढा पाण्याचा स्तंभ कापड पेलतं. खाली जीन्स. आत सुती टीशर्ट. दोन्हींतून पाणी गळत होतं.

हे मी नंतर ऑफिसात बसून बारकाईनं पाहिलं. अशा कापडाच्या आत एक पडदा असतो. तो बाहेरचं पाणी अडवतो आणि घामाची वाफ बाहेर सोडतो. पण वाफ जाते ती आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तरच. आमच्या धुक्यात बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली, वाफ जाणार कुठं? शिवाय वरच्या कापडाला पाण्याचा थेंब घरंगळवणारा जो लेप असतो, तो साध्या पावडरीत धुऊन धुऊन मेला होता. मी तांब्याभर पाणी ओतून बघितलं, सगळं कापडात जिरलं. तसं झालं की पडदा चांगला असला तरी घाम आतच कोंडतो. आणि ते खस्स खस्स! ज्या थंड मुलुखांत ओल्या हवेत कायदेशीर शिकार चालते, तिथले जाणते म्हणे वरचं कापड लवदार घेतात, आवाज होऊ नये म्हणून. पुष्कळ ठिकाणी तर वर नारिंगी जाकीट, कारण हरणाला तो रंग वेगळा कळत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याला कळतो. इथं दुसऱ्या माणसाला दिसू नये हीच मुख्य गरज, त्यामुळे नारिंगी कोण घालणार.

त्याचे ओले कपडे काढले, अंग टिपलं, माझा कोरडा जोड घातला. नवा गार्ड त्याचे हातपाय चोळायला लागला, त्याला थांबवलं. आधी छाती-पोट गरम करायचं, हातपाय नंतर. दोघांनी दोन बाजूंनी चिकटून बसायचं. लाज वाटते, पण इलाज तोच. गोड चहा थर्मासमध्ये होता, तो पेला त्याला स्वतः धरता यायला लागल्यावरच दिला. सकाळी आरोग्य केंद्रात पोचलो तेव्हाही तापमान ३४.४ होतं. ३५ च्या खाली गेलं की काळजी, हे डॉक्टरनी आम्हांला सांगितलं, जणू आम्ही त्याला सहलीला नेलं होतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या पायांवरून कमरेपर्यंत एक कांबळ गुंडाळलेली होती. जुनी, काळी, धनगरी विणीची, कोपऱ्यात निळ्या कापडाचं ठिगळ. कडा नीट आत खोचलेल्या. ज्याची बोटं चेन उघडू शकत नाहीत, त्यानं त्या खोचलेल्या नाहीत. पळून गेलेला अनवाणी माणूस त्या पावसात उघड्या अंगानं गेला. आम्ही येण्याआधीच त्यानं कांबळ काढून दिली होती. ती नसती तर आम्हांला बहुधा वेगळा पंचनामा करावा लागला असता.

चहा पोटात गेल्यावर त्या माणसाला कुडकुडी भरली, आणि मी जरा सुटलो. त्यानं मांडीवरून हात फिरवला आणि पुटपुटला, “ही कोणाची? तोपता.” लोकर टोचत होती त्याला.

दुपारी जबाब झाला तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता. मी एकटाच होतो, म्हणाला. कांबळ? ती म्हजीच. एसीएफ, म्हणजे सहायक वनसंरक्षक, साहेबांनी तीन तऱ्हांनी विचारलं, उत्तर तेच. शहरी माणूस, पोट सुटलेलं, वर्षातून एकदा हौस भागवायला येणारा. मला अशा लोकांची किळस येते. ज्याला रानात चार तास बसता येत नाही त्यानं रानातलं मारायला का यावं? पण तो नाव सांगेना, आणि त्याबद्दल मला त्याचा राग येईना, हे विचित्र आहे.

साहेबांनी ठिगळाचा फोटो काढून ठेवला. आसपासच्या चार वाड्यांत दाखवला तर कुणी ना कुणी ओळखेल, हे मलाही माहीत आहे. आधी माझा आणि काकांचा जबाब झाला. काकांनी लिहून दिलं: एक इसम पळाला, चेहरा दिसला नाही. ‘ही कोणाची’ हे वाक्य त्यांच्या जबाबात नाही. शेजारीच बसले होते, माझ्यापेक्षा त्यांचे कान तिखट. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “पावसाचा आवाज होता रे.” पाऊस तेव्हा थांबलेला होता.

माझ्या जबाबात ते वाक्य आहे. तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे. काका तेव्हापासून माझ्याशी नीट बोलतात, चहा आणतात, पण बीटवर पुढं चालताना मागं वळून मी येतोय का ते बघत नाहीत. पूर्वी बघायचे.

मुद्देमालाच्या खोलीत जाकीट आणि कांबळ एकाच प्लास्टिकच्या गोणीत सीलबंद आहेत. ओलीच भरली होती. जाकिटाला बुरशी धरली असणार. सील तोडून वाळवायची परवानगी मिळावी म्हणून मी अर्ज दिलाय, त्यात दोन्ही वस्तू लिहिल्या आहेत. साहेब म्हणाले, जाकिटाचं ठीक आहे, कांबळीचं एवढं काय?