आमची वाटचाल : द्राक्षाचा घड कोणाचा?

२००८ साली सांगलीच्या गणपती पेठेत, दहा बाय बाराच्या गाळ्यात एक कॉम्प्युटर घेऊन आम्ही नवरा-बायकोने सुरुवात केली. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, पावतीपुस्तकं. पुढे बेदाणा आणि हळदीच्या व्यापाऱ्यांच्या पाकिटांची कामं मिळू लागली आणि धंदा उभा राहिला.

अशाच एका बेदाण्याच्या पाकिटावर द्राक्षाचा घड होता. तो काढला होता मिरजेच्या एका मुलीने. ती आमच्या पगारावर नव्हती, घरून काम करून द्यायची. कोरल ड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक मणी तिने स्वतः काढलेला. दीड हजार रुपये ठरले, तेवढे दिले. वर्षाने दुसऱ्या व्यापाऱ्यालाही घड हवा होता. फाइल आमच्याकडे होती, पैसे आम्ही मोजले होते, म्हणून रंग बदलून तोच दिला. तिने ते पाकीट किराणा दुकानात पाहिलं. दोन्ही पाकिटं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "दादा, निदान विचारायचं तरी."

वकिलांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा समोर ठेवला तेव्हा माझी चूक कळली. चित्र काढणारा हाच त्याचा पहिला मालक. नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून काढलं, तर वेगळं ठरलं नसल्यास मालकी नोकरी देणाऱ्याची. पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर तोही सहसा काढून घेणाऱ्याचा. पण बाहेरच्या माणसाने काढलेल्या रेखाचित्राला ती सवलत नाही. तिथे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. म्हणजे घड तिचाच होता. कोरल बनवणाऱ्या कंपनीचा नाही, आणि फाइल ठेवून घेतली म्हणून माझाही नाही.

तिला दुसऱ्या वापराचे पैसे दिले आणि माफी मागितली.

तेव्हापासून प्रत्येक कामाला एक पानी करार असतो. त्यात हक्क किती मुदतीसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी दिला, हे लिहायला आम्ही विसरत नाही. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ज्याचा बेदाणा दुबईला जातो त्याला हे एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येईल अशी मूळ फाइल, मागणाऱ्या गिऱ्हाइकालाही आधीच सांगतो की फाइल मिळाली म्हणजे हक्क मिळाला असं नाही, तो वेगळा लिहून घ्या. काही जण रागावून दुसरीकडे गेले. तरी कागद सोडला नाही.

आता एआयची चित्रं आली आहेत. कॉम्प्युटरने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवणारा, असं १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. पण नुसत्या दोन ओळी टाइप करून मिळालेल्या चित्रावर छातीठोक मालकी सांगावी, असं मला वाटत नाही. म्हणून असं चित्र वापरलं तर बिलावर तसं लिहितो, आणि ज्याच्या पाकिटावर व्यापाराचं नाव उभं राहणार आहे, त्याला माणसाच्या हातचंच घ्या म्हणतो.

मिरजेची ती आज आमच्या बहुतेक पाकिटांची चित्रं करते. करारातला मजकूर दोन वेळा तिनेच दुरुस्त करून दिला आहे.