दिवे मीच लावले

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही माझा धंदा कळला की हाच प्रश्न येतो. विचारणारा नुकताच नव्या मिक्सरचं माहितीपत्रक वाचून चिडलेला असतो. "हे असलं मराठी लिहितं तरी कोण हो?"

मी लिहितो. अठरा वर्षं झाली.

तुम्ही विचारलंत म्हणून माझ्याच हातचा नमुना सांगतो. वॉशिंग मशीनच्या पॅनेलवरचे शब्द करायचे होते. मशीन सोडाच, तिचा फोटोही मिळाला नव्हता. आली ती एक्सेलची फाइल. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजवा रकाना माझ्यासाठी रिकामा. कुणा शहाण्याने शब्द एबीसीडीप्रमाणे लावले होते. त्यामुळे 'हेवी' कुठेतरी वर राहिला, 'मीडियम' खाली गेला आणि 'लाइट' पडला 'लिड लॉक' आणि 'लिंट फिल्टर' यांच्या मधोमध. मी लिहिलं, 'दिवा'. दीड रुपया शब्दाचे पैसेही मिळाले.

वर्षभराने ताईकडे गेलो तर तिच्या नव्या मशीनवर गोल बटणाभोवती छापलेलं : जड, मध्यम, दिवा.

"अरे, हा दिवा कधी लावायचा असतो?" तिने विचारलं.

"कपडे थोडे असले की," मी म्हणालो आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"म्हणजे हे दिवे तू लावलेस होय!"

हल्ली लोक सगळं खापर यंत्रावर फोडतात. पण गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आलं २०१३ साली. माझा दिवा त्याच्या आधीचा.

दुसरी गंमत हिंदीची. बरेचदा मूळ इंग्रजी आमच्यापर्यंत येतच नाही, त्याचं हिंदी येतं. तिथलं 'टंकी खाली रखें' घाईघाईत 'टाकी खाली ठेवा' होतं. हिंदीत खाली म्हणजे रिकामी, पण सांगलीच्या आमच्या काकूंना हे कोण सांगणार? महिनाभर लेकीकडे जाताना त्यांनी सूचना वाचली, शेजारच्या मुलाला बोलावलं आणि भिंतीवरचा वॉटर प्युरिफायर पाण्यासकट उतरवून जमिनीवर ठेवला. परत आल्यावर त्या पाण्याला काय वास येत होता, ते त्या अजून सांगतात. (ते पत्रक माझं नव्हतं. काकूंना पटत नाही.)

चुका आम्ही करतो, पण छापायच्या आधी त्या कुणी वाचतच नाही. वेल्समध्ये स्वान्झीच्या नगरपालिकेने २००८ मध्ये रस्त्यावर पाटी लावली. इंग्रजीत होतं, अवजड वाहनांना प्रवेश नाही. खाली वेल्शमध्ये : 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम असल्यास पाठवून द्या.' भाषांतरकाराचं रजेवरचं आपोआप जाणारं उत्तर पालिकेने भाषांतर समजून रंगवून घेतलं होतं! पाटी करून घेणाऱ्यांना वेल्श येत असतं तर ती लागलीच नसती. आमच्या फाइलीही अशाच, मराठी न येणाऱ्यांच्या हातून थेट छापखान्यात जातात.

ताईकडचा तो दिवा पाहिल्यापासून मी काम घेताना वस्तूचा फोटो मागतो. सहसा कुणी पाठवत नाही. परवा एकांनी पाठवला. बंद खोक्याचा.